नदी एक, काठ दोन, रंग दोन
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलणे होणार असे धरून तुम्ही आला आहात. भावावरच बोलायचे आहे. पण सुरुवात एका जुन्या हिशेबापासून करू. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोरोनाच्या साथीपायी आपल्याला गावाबाहेर, तालुक्याबाहेर, जिल्ह्याबाहेर जायची बंदी झाली. त्या बंदीचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही. शहरातल्या लोकांनी आपापला मांडला. विमाने बंद होती, हॉटेले बंद होती, कारखाने बंद होते, त्यांचे आकडे छापून आले. नाक्यावरून परत फिरवलेल्या बंडीचा आकडा कोणत्या वहीत आहे?

कोणी म्हणेल, साथ गेली, पास गेले, नाके उठले. आता ते उकरून काय मिळणार? मिळणार हे, की पुढच्या वेळी आपण गाफील राहणार नाही. ज्या कायद्यांच्या जोरावर ती बंदी आली ते कायदे जागच्या जागी आहेत. साथरोगाचा कायदा १८९७ सालचा, इंग्रजांनी प्लेगच्या वेळी केलेला. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. जमावबंदीचे १४४ कलम नव्या संहितेत १६३ झाले आणि आदेश मोडण्याचे १८८ कलम २२३ झाले. आकडे बदलले, नाका तोच आहे.

रोग खोटा नव्हता

सुरुवातीलाच एक गोष्ट स्वच्छ सांगतो, नाही तर आमच्या बोलण्याचा कोणी भलता अर्थ काढील. रोग खरा होता. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत तो आपल्या खेड्यांत शिरला, तेव्हा कोणाच्या घरचे माणूस गेले हे या मंडपात बसलेल्यांना आम्ही सांगायची गरज नाही. माणसे एकत्र आली की रोग पसरतो, म्हणून काही दिवस गर्दी टाळा, जाणे-येणे कमी करा, हे डॉक्टरांचे म्हणणे बरोबर होते. आपण ते ऐकलेही. लग्ने दहा माणसांत उरकली, जत्रा बंद ठेवल्या, तेराव्याला कोणाला बोलावले नाही.

तेव्हा लोकांच्या मनात जो संताप साठला, तो काळजी घेण्याविरुद्ध नव्हता. बंदीची रेघ कुठे ओढली, कोणी ओढली आणि तिची किंमत कोणी भरली, यावर तो संताप होता. आज बोलायचे ते एवढ्याच तीन गोष्टींवर.

रेघ कुठे ओढली?

तारखा आठवा. २३ मार्च २०२० ला महाराष्ट्रात संचारबंदी लागली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून सगळा देश बंद झाला. आधी २१ दिवस, मग ३ मेपर्यंत, मग १७ मे, मग ३१ मे. मे महिन्याच्या सुरुवातीला जिल्ह्यांना रंग देण्यात आले. लाल, केशरी आणि हिरवा.

आता आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. यवतमाळ जिल्हा लाल. वर्धा जिल्हा हिरवा. दोघांच्या मध्ये काय? वर्धा नदी. राळेगाव तालुक्यातला कास्तकार पिढ्यान् पिढ्या हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेतो. त्याची लेक नदीपलीकडे दिलेली असते, कोणाचे शेतही पलीकडे असते. तिकडे अकोला लाल, वाशीम हिरवा, अमरावती केशरी. मूर्तिजापूर, कारंजा आणि दर्यापूर ही एकमेकांच्या शेजारची गावे, एकाच काळ्या मातीतली, पण तिघांचे रंग तीन.

त्या वेळी यवतमाळ आणि अकोला जिल्ह्यांतले बहुतेक रुग्ण शहरांतल्या काही वस्त्यांतले होते. शहराच्या त्या वस्त्यांपासून पन्नास-साठ किलोमीटर दूर, जिथे एकही रुग्ण नाही, त्या गावालाही लाल रंग लागला. आणि ज्या नदीकाठावर दोन्ही बाजूंना रोग नव्हता, तिथे नाका बसला. रोगाने जिल्ह्याची हद्द पाहिली नव्हती. हद्द पाहिली ती कचेरीने, कारण कचेरीचा कारभार हद्दीपाशी संपतो.

आमचे शिक्षण शेतीचे. कृषी महाविद्यालयात आम्हाला पहिल्यांदा शिकवले ते हे, की फवारणी करण्याआधी मोजा. बोंडअळीसाठी आपण शेतात कामगंध सापळे लावतो. एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, असे सलग तीन रात्री सापडले, तर समजायचे की आता फवारा मारायची वेळ आली. दहा हिरवी बोंडे फोडून पाहा, एकात जिवंत अळी निघाली तर औषध काढा. याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात आणि आज आपल्यातला न शिकलेला शेतकरीही ती ओळखतो. एका शेतात अळी निघाली म्हणून सगळ्या जिल्ह्याच्या पऱ्हाटीवर फवारा मारा, असे कोणी सांगितले तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल.

माणसांचा रोग पतंगापेक्षा भराभर फिरतो, हे आम्हाला मान्य आहे. म्हणून एका गावाच्या भोवतीची चार गावे बंद ठेवा, आठ ठेवा. पण मोजून ठेवा. पहिल्या तीन आठवड्यांत कोणाला काही माहीत नव्हते, तेव्हा सगळे बंद केले, ते समजू शकते. दोन महिन्यांनंतरही मोजमाप जिल्ह्याचेच राहिले, त्याला काय म्हणायचे?

कागद उघडा, नाका बंद

आता दुसरी गोष्ट. रेघ कोणी ओढली?

२७ मार्च २०२० ला, म्हणजे देश बंद झाल्यावर तिसऱ्याच दिवशी, केंद्राच्या गृह खात्याने आदेशात दुरुस्ती केली. शेतीची कामे, शेतमजूर, बाजार समित्या, हमीभावाची खरेदी, बियाणे, खते, औषधे, कापणी-मळणीची यंत्रे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे, हे सगळे बंदीतून सोडले. कागदावर शेतकरी त्या दिवशी मोकळा झाला.

आणि नाक्यावर? रब्बी ज्वारीची मळणी ऐन भरात होती. मळणीयंत्र घेऊन निघालेल्या माणसाला विचारत होते, पास कुठे आहे? तो म्हणे, साहेब, शेतीला पास नाही म्हणतात. साहेब म्हणे, आम्हाला वरून कागद नाही. कागद दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून ठाण्याला यायचा होता. तो येईपर्यंत काठीच कायदा होती. आम्ही स्वतः त्या दिवसांत त्या आदेशाच्या छापील प्रती खिशात घेऊन नाक्या-नाक्यांवर उभे राहिलो. आदेश इंग्रजीत. शिपाई बिचारा दोन रात्री न झोपलेला, त्यालाही घरी लहान लेकरे. तो म्हणाला, "भाऊ, मला हे वाचता येत नाही, आणि वाचता आले तरी मी जबाबदारी घेऊ शकत नाही." त्या माणसावर आमचा राग नाही. ज्यांनी त्याच्या हातात काठी दिली आणि कागद दिला नाही, त्यांच्यावर आहे.

मग आला ई-पास. फोटो हवा, डॉक्टरचा दाखला हवा, मोठा फोन हवा, फोनला रेंज हवी. आपल्या किती गावांत तेव्हा रेंज होती? झाडावर चढून अर्ज भरायचा आणि उत्तराची वाट पाहायची. जिथे पास असतो तिथे दलाल असतो, हे कापसाच्या माणसाला कोणी शिकवायला नको. राज्यात ठिकठिकाणी पैसे घेऊन पास मिळवून देणारे निघाले, काहींना अटकही झाली.

आणि गंमत पाहा. २० ऑगस्ट २०२० ला जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी सुरू झाली. तिला पास नको. म्हणजे एसटीत वीस-बावीस अनोळखी माणसांबरोबर बसून दुसऱ्या जिल्ह्यात जा, चालेल. बाप आणि लेक स्वतःच्या गाडीत बसून गेले, तर पास दाखवा! प्रवासावर बंदी नको, असे केंद्राने राज्यांना आधीच कळवले होते. तरी महाराष्ट्रात पास उठला तो २ सप्टेंबरला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो पुन्हा आला. रोग थांबवण्यासाठी नियम केला असता तर एसटी आणि गाडी यांचा असा उलटा न्याय झाला नसता. हा नियम माणसे मोजण्यासाठी नव्हता, परवानगी मागायला लावण्यासाठी होता.

किंमत कोणी भरली?

आता तिसरी आणि मुख्य गोष्ट.

२०१९-२० च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,५५० रुपये होता, मध्यम धाग्याचा ५,२५५. मार्च उजाडला तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या घरात निम्मा कापूस पडून होता. खरेदी बंद झाली. एप्रिलच्या शेवटी ती सुरू झाली, पण कशी? नाव नोंदवा, निरोपाची वाट पाहा, दिवसाला ठरावीक गाड्या. कित्येक केंद्रांवर वीसच. हजारो नावे आणि वीस गाड्या, याचे गणित तिसरीतले पोर करील.

एवढ्या कमी गाड्या का? कारण जिनिंगमध्ये माणूस नव्हता. जिनिंगचा मजूर परप्रांतातला, बंदी लागताच तो अडकला किंवा पायी घराकडे निघाला. जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपेत मालगाडीखाली गेले, ते आपण विसरलेलो नाही. रस्त्यावर पोलिस अडवतात म्हणून ते रुळांनी चालले होते. मजुराचा रस्ता बंद झाला की जिनिंग बंद, जिनिंग बंद की खरेदी बंद, खरेदी बंद की शेतकरी बंद. कागदावर मात्र "शेतीला सूट आहे" असे लिहिलेलेच होते. एकाचे चालणे थांबवले की दहा जणांचा व्यवहार थांबतो, हे कागद लिहिणाऱ्याला दिसले नाही.

घरात पडलेल्या कापसाचे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात तो वाळतो. ओलावा दहा टक्क्यांवरून सातवर आला, तर क्विंटलमागे तीन किलोंच्या वर वजन उडून जाते. तीस क्विंटलवाल्याचा जवळजवळ एक क्विंटल हवेत गेला. रंग उतरतो, मग ग्रेडर नाक मुरडतो. पोराबाळांच्या अंगाला खाज सुटते, बायका रात्रभर खाजवत बसतात. चुलीची ठिणगी उडाली तर घर जाते. आणि साठवलेल्या कापसात दडून बसलेली बोंडअळी पुढच्या हंगामाच्या पेरणीला हजर. एवढे सगळे त्या नाक्यापायी.

मग काय झाले? मेअखेर आली. बियाण्याला पैसा पाहिजे, खताला पैसा पाहिजे. जुने कर्ज माफीच्या यादीत अडकलेले, नवे मिळत नाही. अशा वेळी दारात गाडी घेऊन एक जण येतो. त्याच्याकडे पास असतो. तो म्हणतो, आजच देतो, रोख देतो, पण भाव माझा. समजा त्याने हमीभावापेक्षा हजार रुपये कमी दिले. तीस क्विंटलचे तीस हजार गेले. एका कोरडवाहू घराची बियाण्या-खताची सारी सोय त्यात होते. आणि त्यातलाच काही कापूस पुढे सरकारी केंद्रावर हमीभावाने गेला नसेल, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? सरकारलाही तो संशय होता. म्हणून तर काही जिल्ह्यांत घरोघर शिल्लक कापसाचे पंचनामे झाले. म्हणजे शेतकऱ्यालाच पुन्हा सिद्ध करावे लागले, की हा कापूस माझा आहे.

भावांनो, आजच्या बोलण्याचे सार इथे आहे. विकणाऱ्याच्या फिरण्यावरची बंदी ही भावावरची कपात असते. ज्याला तीन बाजार गाठता येतात तो भाव विचारतो. ज्याला एकच गाठता येतो तो भाव ऐकतो. आणि ज्याला एकही गाठता येत नाही, तो दारात आलेल्याचे पाय धरतो. बंदी लावणाऱ्याची नियत चांगली असेल, कारण रोगाचे असेल, तरी हा नियम बदलत नाही. कपात झाली तर ती भरून कोण देणार, हा प्रश्न बंदी लावतानाच विचारला पाहिजे. २०२० साली तो कोणी विचारला नाही.

हा नाका आपण आधी पाहिला आहे

इथे बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींना जिल्हाबंदी हा शब्द कोरोनाने शिकवला नाही. ज्वारीची लेव्ही त्यांनी पाहिली आहे. आपल्या शेतातली ज्वारी लेकीच्या घरी शेजारच्या जिल्ह्यात न्यायची तर रात्री चोरासारखी न्यावी लागे. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आली. सरकारशिवाय कोणाला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. सीमेपलीकडे भाव जास्त असला तरी नाका आडवा. स्वतःच्या घामाचा कापूस नेणाऱ्यावर गुन्हा. त्या झोनबंदीविरुद्ध या महाराष्ट्रातला शेतकरी वर्षानुवर्षे लढला, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेला, तेव्हा कुठे ती उठली.

तेव्हाचे कारण वेगळे, २०२० चे वेगळे. पण यंत्र तेच. नाका, पास, दलाल आणि पडेल भाव. कारण काहीही सांगोत, हे यंत्र एकदा सुरू झाले की त्याचे पीठ एकाच बाजूला पडते.

दुसरीकडे काय झाले?

दुसरा काही मार्गच नव्हता, असे सांगणारे भेटतील. त्यांना पैनगंगेपलीकडे बोट दाखवा. तेलंगणाने त्याच उन्हाळ्यात रब्बीचा भात गावोगाव केंद्रे उघडून घेतला. शेतकऱ्याने बाजारात येऊ नये ना, मग बाजारच गावात गेला. पंजाबात गव्हाची खरेदी एप्रिलच्या मध्याला सुरू झाली, तेव्हा खरेदीची ठिकाणे जवळपास दुप्पट केली आणि शेतकऱ्याला दिवस लिहिलेला पास हातात दिला. तिथे तक्रारी झाल्याच नाहीत असे आम्ही म्हणत नाही. पण गर्दी कमी करायची असेल तर ठिकाणे वाढवावी लागतात, एवढे त्यांना सुचले. आपल्याकडे गाड्या कमी केल्या.

परदेशातही लोक चिडले होते. आयर्लंडमध्ये आधी घरापासून दोन किलोमीटर, मग पाच, मग जूनमध्ये वीस किलोमीटर किंवा आपला जिल्हा, अशी मुभा वाढत गेली. शेतीच्या कामाला पहिल्यापासून सूट होती. वेल्समध्ये साधारण पाच मैलांच्या आत राहा म्हणाले, तर खेड्यातले लोक म्हणाले की आमचे दुकानच पाच मैलांच्या पलीकडे आहे. आयर्लंडच्या नियमातली एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. तिथे वीस किलोमीटर माणसाच्या दारापासून मोजले आणि जिल्ह्याची रेघ मध्ये आली तरी तेवढे चालले. आपल्याकडे सगळे कलेक्टर कचेरीपासून मोजले.

काटे आपणही टाकले

आता जे बोलणार आहे ते टाळ्यांचे नाही. पण दुसऱ्याचा हिशेब काढायचा तर आपलाही काढावा लागतो.

सरकारचा नाका हमरस्त्यावर होता. गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या कोणी टाकल्या? आपण टाकल्या. पांदणीवर दगड कोणी लोटले? आपण. पुण्या-मुंबईहून पोटासाठी गेलेली आपलीच पोरे परत आली, तर त्यांना वेशीबाहेर उभे केले. चौदा दिवस शेतातल्या खोपडीत राहायला लावले आणि तिथे वेळेवर भाकरी पोचवली, त्या गावांनी शहाणपण केले. त्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण सगळ्या गावांनी भाकरी पोचवली नाही.

आमच्या भागातल्या एका गावी काटे टाकले तेव्हा आम्ही तिथे हजर होतो. आम्हीही हात लावला. गाव सुरक्षित केले म्हणून समाधान वाटले. तीन दिवसांनी कळले, की पलीकडच्या पोडावरच्या लोकांचे रेशनचे दुकान आपल्या गावात आहे. धान्य आलेले होते आणि ती माणसे काट्यांच्या पलीकडे रिकामी थैली घेऊन उभी राहून परत गेली होती. दोनदा. कोणी भांडले नाही, ओरडले नाही. ज्यांना नेहमीच अडवले जाते त्यांना भांडायचेही सुचत नाही. त्या दिवशी आमच्या ध्यानात आले, की नदीच्या पुलावरचा शिपाई जे आमच्याशी करत होता, तेच आम्ही पोडावरच्या माणसांशी केले. त्याला वरून कागद नव्हता, आम्हाला तर कागदाची गरजही वाटली नाही. काटे त्याच दुपारी उचलले. पण ते तीन दिवस आमच्या नावावर लिहिलेले आहेत.

म्हणून आज आपण जी मागणी करणार आहोत, ती फक्त सातबारावाल्यांसाठी करून चालणार नाही. मजुराला, पोडावरच्या माणसाला, ज्या बाईच्या नावावर शेत नाही पण जी बारा महिने त्या शेतात राबते तिलाही तो रस्ता मोकळा हवा.

पुढच्या वेळी

पुढची वेळ येणार नाही असे समजू नका. ती येऊनही गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये जनावरांत लम्पी पसरला. राज्यभर जनावरांचे बाजार बंद, वाहतूक बंद. रोग खरा होता, लस द्यायलाच हवी होती, दिलीही. पण रब्बीच्या तोंडावर बैल विकून दुसरा घ्यायचा होता त्याचे काय, हे पुन्हा कोणी विचारले नाही. उद्या आणखी एखादा रोग येईल. तेव्हा ओरडून उपयोग नाही. आजच, शांत डोक्याने, लिहून मागितले पाहिजे. या मेळाव्यापुढे आम्ही सहा गोष्टी ठेवतो.

एक. बंदीची रेघ जिल्ह्याच्या हद्दीवर नको. गाव, शेत, बाजार, दवाखाना आणि बँक मिळून माणसाचे जे रोजचे शिवार होते, ते एक धरा, मग मध्ये नदी असो की जिल्ह्याची पाटी. रोग जिथे असेल तिथे मोजून बंद करा.

दोन. शेतकऱ्याचा सातबारा हाच पास. मजुराचे जॉबकार्ड हाच पास. ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांना ग्रामपंचायतीची चिठ्ठी, त्याच दिवशी, फुकट. ती चिठ्ठी दोन्ही जिल्ह्यांत चालली पाहिजे.

तीन. जो आदेश काढाल तो मराठीत, नाक्यावर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर त्याच दिवशी लावा. कोणाला परत फिरवले तर का फिरवले ते लिहून द्या. तोंडी कायदा चालणार नाही.

चार. शेतकऱ्याने बाजारात येऊ नये असे वाटत असेल तर खरेदी केंद्र गावात आणा. ते जमत नसेल तर बंदीच्या काळात हमीभावाखाली जे विकावे लागले त्याचा फरक भरून द्या, आणि तेवढ्या दिवसांचे कर्जाचे व्याज थांबवा. बंदी सगळ्यांच्या भल्यासाठी असेल तर तिचा खर्चही सगळ्यांनी उचलावा. एकट्या शेतकऱ्याने का?

पाच. प्रत्येक बंदीला शेवटची तारीख असावी आणि ती वाढवायची तर कारण आकड्यांसह सांगावे.

सहा. ही मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. गाव बंद करायचे तर ग्रामसभेत ठरवू, रात्री चार जणांनी काटे टाकून नाही. बाहेरून आलेल्याला शाळेत किंवा शेतात ठेवू, पण भाकरी-पाणी गाव पोचवील. आणि ज्यांचे रेशन, पाणी किंवा दवाखाना आपल्या गावात आहे, त्यांचा रस्ता कोणत्याही परिस्थितीत अडवणार नाही.

या सहा मागण्यांचा ठराव करून प्रत्येक गावाने आपल्या ग्रामसभेत मांडावा, मंजूर करून घ्यावा आणि त्याची एक प्रत तहसीलदाराला पोच घेऊन द्यावी. पोच सांभाळून ठेवा. पुढच्या वेळी नाक्यावर उभे राहायची पाळी आली तर तुमच्या हातात इंग्रजी आदेशाची प्रत नसेल, तुमच्या गावचा ठराव असेल.

दुसरे काम घरी गेल्यावर करा. २०२० च्या उन्हाळ्यात तुमच्या घरात किती क्विंटल कापूस पडून होता, तो कधी विकला, कोणाला विकला, काय भावाने विकला, चुकारा कधी मिळाला, हे आठवून एका कागदावर लिहा. पट्टी असेल तर जोडा. ज्वारी, कडबा, संत्री, जनावरे, जे अडकले ते लिहा. मजूर असाल तर किती दिवसांची मजुरी बुडाली ते लिहा. मायबहिणींना आमची वेगळी विनंती आहे. घरचा हिशेब तुमच्या डोक्यात पक्का असतो, तो या वेळी कागदावर उतरवा. पुढच्या मेळाव्याला येताना हे कागद घेऊन या. गावागावांचे कागद एकत्र केले की ज्या वहीची गोष्ट आम्ही सुरुवातीला केली, ती वही तयार होईल. मग कोणाला म्हणता येणार नाही, की शेतीला सूट होती, शेतकऱ्याचे काही गेले नाही.

ज्यांना हा ठराव आणि हे काम मान्य असेल त्यांनी हात वर करा. आणि ज्यांनी त्या वर्षी वेशीवर काटे टाकले होते, त्यांनी आमच्याबरोबर दोन्ही हात वर करा.